ब्रिटनीच्या शेतकऱ्यांची तरी-कंपनी व तिच्या जहाजांचीं नांवें

१. विषयप्रवेश

ताम्रपट, शिलालेख, नाणीं व कागदपत्रें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु व्यापारी संस्थेचा इतिहास लिहितांना एक साधन सहज दृष्टीआड होतें. तें म्हणजे जहाजाचें नांव. जहाज ही मोठ्या खर्चाची वस्तु. तिला नांव देण्याचा अधिकार चालविणाराचा. तें नांव दोन्ही तीरांवरील लोकांनीं वाचावें म्हणून मोठ्या अक्षरांत रंगविलेलें असतें, आणि नोंदणीच्या दप्तरांत सालवार उतरलेलें असतें. एखाद्या कंपनीच्या जहाजांचीं नांवें कालानुक्रमानें मांडलीं, तर त्या त्या वेळीं तिची दृष्टि कोठवर पोंचली होती याचा बराच उलगडा होतो, असें आम्हांस वाटतें.

या विधानाची परीक्षा पाहण्यासाठीं आम्हीं ‘ब्रिटनी फेरीज’ या फ्रेंच कंपनीचें उदाहरण घेतलें आहे. ठराविक बंदरांच्या दरम्यान ठराविक वेळीं उतारू, मोटारी व मालमोटारी पार नेणें हा तिचा व्यवसाय. एका पिकाच्या विक्रीसाठीं एका बंदरांतून निघालेली ही कंपनी आज फ्रान्स, इंग्लंड, आयर्लंड व स्पेन अशा चार देशांस जोडते. विशेष हा कीं, ती कोणा जहाजमालकानें वा पेढीवाल्यानें काढलेली नसून फुलकोबी व आर्टिचोक पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं काढलेली आहे. ती वाढली कशी, आणि वाढतां वाढतां तिच्यांत शेतकऱ्याचें काय उरलें, हा या लेखाचा प्रश्न होय.

२. प्रदेश व पूर्वपीठिका

ब्रिटनी हा फ्रान्सचा वायव्येकडील, समुद्रांत घुसलेला प्रांत. हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तो अगदींच परका नाहीं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचें बंदर लॉरियाँ याच प्रांतांत असून त्या नांवाचा अर्थच ‘पूर्व’ असा आहे. सन १७४६ त मद्रास घेणारा ला बूर्दोने हा याच प्रांतांतील सेंट मालो गांवचा. तेव्हां जहाजाच्या नांवाप्रमाणें बंदराच्या नांवांतहि व्यापाराची दिशा कोरलेली असते, याचा एक दाखला आरंभींच मिळतो.

आपल्या विषयाचें मूळ मात्र उत्तर किनाऱ्यावरील रॉस्कॉफ या लहान गांवांत आहे. तेथील क्रोआझ-बाझच्या देवालयाच्या बाहेरील भिंतींवर दगडांत जहाजें कोरलेलीं आहेत. सोळाव्या शतकांतील तेथील जहाजमालक व व्यापारी यांच्या संपत्तीची ही साक्ष. स्कॉटलंडची बालराणी मेरी १५४८ त फ्रान्सला आली ती याच किनाऱ्यास लागली. आणि कलोडनच्या पराभवानंतर राजपुत्र चार्ल्स एडवर्ड १७४६ च्या ऑक्टोबरांत येथेंच उतरला. म्हणजे पलीकडील बेटांशीं रॉस्कॉफचा संबंध पुरातन आहे.

या संबंधास व्यापाराचें नित्यरूप आलें तें कांद्यामुळें. १८२८ सालीं हेन्री ऑलिव्हिये नांवाचा रॉस्कॉफचा तरुण शेतकरी गलबतभर कांदे घेऊन प्लिमथला गेला व ते विकून परतला. त्याच्या मागोमाग दरवर्षी शेकडों लोक जाऊं लागले. उन्हाळ्याच्या अखेरीस निघावें, कांद्याच्या वेण्या काठीवर, पुढें सायकलीवर अडकवून दारोदार विकाव्या, आणि हिंवाळ्यांत परतावें, असा त्यांचा क्रम असे. इंग्रज गृहिणी त्यांना ‘जॉनी’ म्हणत. हा व्यवसाय जिवावरचा होता. १९०५ च्या नोव्हेंबरांत ‘हिल्डा’ ही बोट सेंट मालोच्या तोंडाशीं खडकांवर फुटून शंभराहून अधिक माणसें बुडालीं. त्यांत घरीं परतणारे कांदेविके पुष्कळ होते. १९२९ च्या सुमारास जॉनींची संख्या चौदाशेंच्या घरांत होती. त्यानंतर पौंडाची किंमत उतरली, आयातीवर निर्बंध आले, आणि हा व्यापार ओसरला. पौंड उतरला कीं रॉस्कॉफला त्याची झळ लागते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

३. बंदरासाठीं चळवळ

रॉस्कॉफच्या आसपासचा, सेंट पॉल द लेओं या गांवाभोंवतालचा मुलूख समुद्राच्या उबेमुळें हिंवाळ्यांतहि फारसा गोठत नाहीं. म्हणून तेथें फुलकोबी, आर्टिचोक व लवकर येणारा बटाटा भरपूर पिकतो. परंतु माल नाशवंत, बाजार दूर, आणि भाव ठरविणारे अडते, अशी शेतकऱ्याची त्रिविध अडचण होती. १९६१ त तेथील उत्पादकांनीं एकत्र येऊन ‘सिका’ नांवाची आपली विक्रीसंस्था स्थापिली व सर्वांसमक्ष लिलावानें माल विकण्याची पद्धति सुरू केली. त्याच वर्षाच्या ८ जूनला शेतकऱ्यांनीं ट्रॅक्टरांसह मॉर्ले येथील सरकारी कचेरी ताब्यांत घेतली. त्यांचा पुढारी अलेक्सी गूरव्हेनेक हा त्या वेळीं अवघ्या पंचवीस वर्षांचा होता. त्यास अटक झाली, खटला चालला, आणि तो सुटला. आमच्या कंपनीच्या वंशावळींत हा प्रसंग मूळपुरुषाच्या जागीं आहे.

गूरव्हेनेकचें म्हणणें असें कीं, केवळ भावासाठीं भांडून भागणार नाहीं. प्रांताला रस्ते, दूरध्वनि व खोल पाण्याचें बंदर पाहिजे. रॉस्कॉफचें जुनें बंदर ओहोटीस कोरडें पडत असे. इंग्लंडला जाणारा भाजीपाला मालमोटारींत घालून सुमारे सातशें किलोमीटर पूर्वेस कॅलेपर्यंत न्यावा लागे. वस्तुतः समोरचें प्लिमथ बंदर अवघ्या सहा-सात तासांच्या वाटेवर होतें. १९६८ त फ्रेंच सरकारनें ब्रिटनीसाठीं सुधारणांची योजना मान्य केली, आणि रॉस्कॉफच्या पूर्वेस ब्लॉस्कों येथें नवें बंदर बांधण्याचें ठरलें.

बंदर उभें राहूं लागलें. परंतु त्यांत येणारें जहाज कोठें होतें? प्रतिष्ठित जहाज-कंपन्यांस हा मार्ग किफायतशीर वाटेना. दोन्ही बाजूंस मोठें शहर नाहीं, कारखाने नाहींत. भाजीच्या हंगामाखेरीज माल काय मिळणार, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब त्यांच्या दृष्टीनें चूक नव्हता. तेव्हां शेतकऱ्यांनींच १९७२ त ‘ब्रिटनी-इंग्लंड-आयर्लंड’ या अर्थाच्या नांवाची कंपनी काढली. जहाज चालविण्याचा अनुभव त्यांपैकीं कोणासहि नव्हता. मात्र त्यांच्यापाशीं एक गोष्ट होती, जी जहाजवाल्यांपाशीं नव्हती: पाठवावयाचा माल त्यांचा स्वतःचा होता.

४. पहिलीं नांवें: गांवापासून प्रांतापर्यंत

ब्रिटन व आयर्लंड हीं राष्ट्रें १ जानेवारी १९७३ रोजीं युरोपीय बाजारसंघांत सामील झालीं. त्याच महिन्याच्या अगदीं आरंभीं कंपनीचें पहिलें जहाज रॉस्कॉफहून प्लिमथला निघालें. तें केवळ मालवाहू होतें. त्याचें नांव ‘केरिस्नेल’. केरिस्नेल ही सेंट पॉलजवळची, फुलकोबीसाठीं प्रसिद्ध अशी लहानशी वस्ती. राजा नाहीं, संत नाहीं, सेनापति नाहीं. ज्या वावरांतून माल निघाला त्या वावराचेंच नांव जहाजावर चढलें. हा आमच्या मालिकेंतील पहिला लेख होय, आणि त्याचा अर्थ स्पष्ट आहे: पाठविणारा आपली ओळख सांगत आहे.

परंतु लौकरच असें दिसून आलें कीं, प्लिमथच्या बाजूनें लोकांनाहि हा मार्ग हवा आहे. इंग्रज कुटुंबें सुटींत मोटार घेऊन ब्रिटनीस येण्यास उत्सुक होतीं. १९७४ च्या आरंभीं उतारूंसाठीं ‘पेन-आर-बेद’ हें जहाज आलें. त्यांत सुमारे २५० उतारू व २३५ मोटारी मावत. याच वर्षीं ‘ब्रिटनी फेरीज’ हें इंग्रजी व्यापारी नांव प्रचारांत आलें. ‘पेन-आर-बेद’ हे शब्द ब्रेटन भाषेंतले. अर्थ ‘जगाचें टोंक’, आणि फिनिस्तेर जिल्ह्याचें ब्रेटन नांव तेंच. एका वर्षांत वस्तीचा जिल्हा झाला.

येथें या धंद्याचें मर्म सांगितलें पाहिजे. फुलकोबीचा भर हिंवाळ्यांत, आर्टिचोकचा वसंतापासून पुढें. सहलीचे उतारू येतात ते उन्हाळ्यांत. ज्या जहाजाच्या पोटांत मालमोटारी चाकांवर चालत शिरतात, त्याच पोटांत उन्हाळ्यांत उतारूंच्या मोटारी शिरतात. एकाच जहाजानें दोन हंगाम साधतात. जुन्या कंपन्यांच्या हिशेबांत जी उणीव होती ती हीच. भाजीसाठीं काढलेला मार्ग उतारूंनीं तारला, आणि उतारूंसाठीं ठेवलेल्या फेऱ्यांनीं भाजीला बारमास वाट दिली.

यापुढील नांवें पाहा. १९७६ त सेंट मालो ते पोर्ट्समथ हा मार्ग उघडला, त्यावर ‘आर्मोरिक’ आलें. आर्मोरिका हें ब्रिटनीचें रोमन काळांतील नांव. १९७७ त ‘कॉर्नुआय’ आलें. हें ब्रिटनीच्या एका भागाचें नांव असून समुद्रापलीकडील कॉर्नवॉलला फ्रेंच लोक हेंच नांव देतात; कारण पांचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटन लोक तिकडून इकडे येतांना आपल्या मुलुखाचें नांवहि घेऊन आले. एकाच शब्दानें दोन्ही तीर जोडणारें याहून समर्पक नांव तरी-जहाजास क्वचितच मिळेल. १९७८ त आलेल्या ‘प्रिन्स ऑफ ब्रिटनी’ या नांवांत आणखी एक बारकावा आहे. ब्रेटन भाजीवाल्यांच्या मालावर १९७० पासून ‘प्रॅन्स द ब्रतान्य’ अशी छाप असे. जहाजाचें नांव म्हणजे त्याच छापेचा इंग्रजी तर्जुमा. भाजीचा शिक्का जहाजावर आला, पण वाचणाराच्या भाषेंत आला. मालक ब्रेटन, गिऱ्हाईक इंग्रज, ही स्थिति या दोन शब्दांत उतरली आहे.

त्याच १९७८ सालीं प्लिमथहून स्पेनमधील सांतांदेर व रॉस्कॉफहून आयर्लंडमधील कॉर्क असे दोन मार्ग सुरू झाले. सांतांदेरचा प्रवास सुमारे एक अहोरात्राचा. कंपनीच्या मूळ नांवांतील ‘आयर्लंड’ हा शब्द आतां खरा झाला. आणि ज्याचा त्या नांवांत उल्लेखहि नव्हता तो स्पेन देश तिच्या वहींत दाखल झाला.

५. नॉर्मंदींत प्रवेश व भांडवलाची युक्ति

वाढ झाली तशी कर्जेंहि झालीं. जहाजाची किंमत शेतकऱ्यांच्या भागभांडवलास झेपणारी नव्हती. १९८२ त यावर जो तोडगा निघाला तो अभ्यास करण्याजोगा आहे. ब्रिटनीच्या प्रांतिक व जिल्हा मंडळांनीं मिळून एक मिश्र संस्था स्थापिली. तिनें जहाजें विकत घ्यावीं व कंपनीस भाड्यानें द्यावीं, असा करार झाला. जहाज लोकांचें, चालविणें शेतकऱ्यांचें. लाभ झाला तर प्रांताच्या हॉटेलांस, रस्त्यांस व बंदरांस व्हावा. तोटा आला तर जहाज तरी प्रांताच्या हातीं राहावें, असा यांतील हेतु.

१९८५ त कंपनीनें पूल ते शेर्बुर्ग या मार्गावर मालमोटारी नेणारी ‘ट्रकलाइन’ ही कंपनी घेतली, आणि १९८६ च्या जूनमध्यें काँजवळील विस्त्रेआमहून पोर्ट्समथला मार्ग उघडला. ही भूमि ब्रिटनीची नव्हे, नॉर्मंदीची. नॉर्मंदीच्या मंडळांनींहि वरील नमुन्याची संस्था काढून जहाजाची सोय केली. त्या जहाजाचें नांव ‘ड्यूक द नॉर्मंदी’. १०६६ त इंग्लंड जिंकणारा विल्यम हा नॉर्मंदीचा ड्यूक, आणि त्याची समाधि काँ येथेंच आहे. मुलुखाबाहेर पहिलें पाऊल टाकतांना कंपनीनें त्या मुलुखाच्या धन्याचें नांव जहाजास दिलें, हें राजनीतीस धरून झालें. १९९२ त ‘नॉर्मंदी’ व ‘बारफ्लर’ हीं जहाजें फिन्लंडमध्यें बांधून आलीं. बारफ्लर हें तेंच बंदर, ज्याच्या बाहेर ११२० त ‘श्वेतनौका’ बुडून इंग्लंडच्या राजाचा पुत्र नाहींसा झाला. अशा अपघाताचें ठिकाण जहाजास नांव म्हणून देण्यास कोणी कचरलें नाहीं, यावरून नांव निवडतांना शकुनापेक्षां भूगोलाचा विचार अधिक झाला असें दिसतें.

मधल्या काळांत, १९८९ त, सेंट नाझेर येथें बांधलेलें ‘ब्रतान्य’ हें भव्य जहाज सेवेंत आलें. दोन हजारांहून अधिक उतारू नेणाऱ्या या जहाजाच्या अंतर्भागांत अलेक्झांडर गूडी या स्कॉटिश चित्रकारानें ब्रेटन लोकजीवनाचीं चित्रें काढलीं. केरिस्नेलपासून निघालेली माळ सोळा वर्षांत खुद्द प्रांताच्या नांवापर्यंत पोंचली. १९९३ त ‘व्हाल द ल्वार’ म्हणजे ल्वार नदीचें खोरें आलें. जेथें या कंपनीचें कोणतेंहि जहाज जाऊं शकत नाहीं अशा प्रदेशाचें नांव आतां जहाजावर चढलें. कारण उतारूला पुढें कोठें जावयाचें आहे तें ठिकाण आतां महत्त्वाचें झालें होतें.

६. संकटें व स्पेनकडे वळण

१९९४ त कॅलेजवळील समुद्राखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. या कंपनीचे मार्ग पश्चिमेकडे असल्यानें तिच्यावर पहिला घाव बसला नाहीं. परंतु दर उतरल्याची झळ तिलाहि लागली. १९९९ त बाजारसंघांतील जकातमुक्त विक्री बंद झाली व बोटींवरील दुकानांचें उत्पन्न घटलें. याहून खोल दुखणें नाण्याचें होतें. बहुतेक उतारू ब्रिटिश, म्हणून मिळकत पौंडांत. खलाशी व बंदरखर्च फ्रेंच, म्हणून खर्च फ्रँकांत व पुढें युरोंत. पौंड उतरला कीं वहींत तूट येई. कांद्याच्या वेण्या विकणाऱ्या जॉनीची जी अडचण, तीच मोठ्या आंकड्यांत त्याच्या नातवाच्या कंपनीची. २०१२ च्या सप्टेंबरांत खर्चकपातीवरून कामगारांशीं तंटा होऊन कांहीं दिवस सर्व फेऱ्या बंद होत्या. अखेर कामाच्या तासांविषयीं तडजोड झाली.

गूरव्हेनेक २००७ त वारला. त्यापूर्वीं तीन वर्षें ‘पों-आव्हेन’ हें कंपनीचें वेगवान जहाज जर्मनींत बांधून आलें होतें. पों-आव्हेन हेंहि ब्रिटनींतील एक लहान गांवच. परंतु तें फुलकोबीसाठीं नव्हे, तर गोगें या चित्रकाराच्या वास्तव्यासाठीं प्रसिद्ध आहे. १९७३ चें गांव पिकाचें, २००४ चें गांव चित्रांचें. एकतीस वर्षांत कंपनी कोणाकडे पाहून नांव ठेवूं लागली, हें या दोन गांवांच्या तुलनेंत जितकें दिसतें तितकें कोणत्याहि ताळेबंदांत दिसणार नाहीं.

२०१० त ‘कॅप फिनिस्तेर’ पोर्ट्समथहून स्पेनला जाऊं लागलें. २०१८ त कॉर्क ते सांतांदेर असा आयर्लंड व स्पेन यांस थेट जोडणारा मार्ग निघाला. त्यावरील जहाजाचें नांव ‘कॉनेमारा’ हें आयर्लंडमधील प्रदेशाचें. ब्रिटन संघांतून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, आयर्लंडचा माल इंग्लंडमधून न नेतां थेट फ्रान्सला नेण्याची मागणी वाढली, तेव्हां हें धोरण दूरदृष्टीचें ठरलें. २०२० च्या महामारींत उतारू जवळजवळ नाहींसे झाले. फ्रेंच सरकार व प्रांत मदतीस धांवले, आणि २०२१ त एका मोठ्या फ्रेंच जहाज-कंपनीनें भांडवल घातलें. तरी बहुमताची मालकी शेतकऱ्यांपाशींच राहिली. त्याच सुमारास चीनमध्यें बांधलेलीं ‘गॅलिसिया’ (२०२०), ‘सालामांका’ (२०२२) व ‘सांतोन्या’ (२०२३) हीं स्पॅनिश नांवांचीं जहाजें आलीं. २०२५ त ‘सेंट मालो’ व ‘ग्योम द नॉर्मंदी’ हीं वायु-इंधन व विद्युत्-संचय यांवर चालणारीं जहाजें दाखल झालीं. विल्यम पुन्हां आला. या वेळीं पदवीनें नव्हे, स्वतःच्या नांवानें.

७. या साधनाच्या मर्यादा

नांवांवरून इतिहास वाचतांना तीन सावधगिरी बाळगाव्या लागतात. पहिली, नांव मूळचें कीं बदललेलें हें पाहावें. ‘ड्यूक द नॉर्मंदी’ हें पूर्वीं ‘प्रिन्सेस बेआट्रिक्स’ नांवाचें डच जहाज होतें; ‘व्हाल द ल्वार’चें पूर्वींचें नांव ‘निल्स होल्गरसन’. जुना लेख घांसून त्याच पत्र्यावर नवा कोरावा तसा हा प्रकार. खालचें अक्षर नोंदणीच्या वहींत सांपडतें. दुसरी, एका नांवाचीं दोन जहाजें असतात. ‘आर्मोरिक’ १९७६ चें एक व २००९ चें दुसरें. एखादें जुनें तिकीट वा वेळापत्रक हातीं आलें तर केवळ नांवावरून काल ठरवूं नये. तिसरी व मुख्य, नांवें उतारूंच्या जहाजांचीं अधिक बोलकीं असतात. मालवाहू जहाजें मुकीं राहतात. ‘कूतांस’ व ‘पर्बेक’ हीं मालमोटारी नेणारीं जहाजें पुष्कळ काळ चाललीं, पण त्यांचीं नांवें ध्यानांत ठेवणारे थोडे. मालाचा इतिहास हवा असेल तर मालाच्या याद्या, लिलावाचे भाव व बंदराच्या नोंदी यांकडेच गेलें पाहिजे.

८. उपसंहार

वरील मालिकेवरून आमचा निष्कर्ष असा. आरंभीं जहाजाचें नांव कोण पाठवितो हें सांगत होतें. पुढें तें कोणास बोलाविलें आहे हें सांगूं लागलें. केरिस्नेल, पेन-आर-बेद, आर्मोरिक हीं धन्याचीं नांवें. व्हाल द ल्वार, पों-आव्हेन, सालामांका हीं पाहुण्यासाठीं निवडलेलीं नांवें. या बदलास कोणी मूळ हेतूचा विसर म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मालकीचा कागद पाहिला तर तेथें आजहि शेतकरीच आहे. देवालयाच्या भिंतीवर जहाज कोरविणाऱ्या रॉस्कॉफच्या व्यापाऱ्यास आपलें वैभव आपल्याच गांवकऱ्यांस दाखवावयाचें होतें. त्याच गांवच्या शेतकऱ्यास परतीरावरील माणसानें बोटींत पाऊल ठेवणें अधिक मोलाचें वाटलें, म्हणून त्यानें आपलें नांव पुसून पाहुण्याच्या आवडीचें नांव लिहिलें. मात्र ‘केरिस्नेल’ हा पहिला लेख जर कोणी टिपून ठेवला नसता, तर पुढील सर्व नांवांवरून ही कंपनी भाजीपाल्यांतून जन्मली असा तर्कहि कोणी केला नसता.

यासाठीं संग्राहकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आपल्या किनाऱ्यावरील उतारू-बोटींचीं तिकिटें, वेळापत्रकें, मालाच्या पावत्या व खलाशांच्या वह्या हीं रद्दी समजूं नयेत. बोट मोडींत निघते, कंपनी दुसरीच्या पोटांत जाते, बंदर गाळानें भरतें. पहिल्या बोटीचें नांव ज्या कागदावर असतें, तो मात्र बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो.